मुलांना, नातवंडांना काटकसर शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेली आणि आता घरात नातवंडं आहेत. त्यामुळे पैशांबद्दलचे आणि मुलांबद्दलचे प्रश्न लोक मला एकाच दमात विचारतात. शब्द बदलतात, प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अडचणीचे शेवटी. एका उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा संबंध आला की पुन्हा तेच न लिहिता फक्त क्रमांक दिला आहे.

१. मूल किती वर्षांचं झालं की पैशांबद्दल बोलायला लागावं?

दुकानात बोट दाखवून "मला ते हवं" म्हणायला लागलं की. त्या वयात हिशेब कळत नाही, पण घ्यायचं तर काहीतरी द्यावं लागतं एवढं कळतं.

एक मोठी नोट आणि पाच नाणी पुढे ठेवली तर लहान मूल नाणी उचलतं. त्याला हसू नका. ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसमोर सारख्याच संख्येच्या वस्तूंच्या दोन ओळी मांडल्या आणि त्यांतली एक फक्त लांबवर पसरली. लहान मुलं म्हणाली, लांब ओळीत जास्त आहेत. संख्या तीच राहते हे साधारण सहाव्या-सातव्या वर्षी उमगतं. तोवर नाणी मोजायला द्यावीत, सुटे परत घ्यायला पाठवावं, एवढं पुरे.

पैसे येतात कुठून, हाही त्यांच्यापुढचा मोठाच प्रश्न असतो. इटलीत आन्ना एमिलिया बेर्ती आणि आन्ना सिल्व्हिया बोंबी यांनी मुलांना याबद्दल बोलतं केलं, तेव्हा काही लहानग्यांचं म्हणणं असं निघालं की दुकानदार सुटे देतो, म्हणजे पैसे दुकानातच मिळतात. विचार केला तर तर्क अगदी बरोबर आहे! म्हणून आपण कामाला जातो ते कशासाठी, हे त्यांना अधूनमधून सांगायला हवं.

२. सातव्या वर्षापर्यंत सवयी पक्क्या होतात असं वाचलं. आमचा मुलगा चौदाचा आहे. उशीर झाला का?

नाही. हे वाक्य बहुधा ब्रिटनमधल्या २०१३ च्या एका अहवालातून फिरत आलं आहे. डेव्हिड व्हाइटब्रेड आणि स्यू बिंगहॅम यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन तो लिहिला. थांबणं, आधी ठरवणं, मन आवरणं अशा पैशांच्या मुळाशी असलेल्या सवयी लहानपणीच आकार घेतात, असा त्याचा आशय आहे. नंतर दार बंद होतं, असा अर्थ त्यातून काढू नये.

चौदा वर्षांच्या मुलाला गणित येतं, जाहिरातीतली लबाडी कळते आणि स्वतःच्या मालकीचं काहीतरी हवं असतं. त्याला एक-दोन महिन्यांचा कपड्यांचा किंवा प्रवासाचा खर्च आकडा ठरवून सोपवा. सात वर्षांच्या मुलाला वर्षभरात जे शिकवाल ते तो तेवढ्यात शिकेल.

३. काटकसर आणि कंजूषपणा यांतला फरक मुलांना कसा सांगायचा?

सांगून कळत नाही, दाखवावा लागतो. काटकसरी माणूस एके ठिकाणी हात आखडतो तो दुसरीकडे सैल सोडता यावा म्हणून. कंजूष सगळीकडेच आखडतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या वाट्याचंही.

स्वस्त ते काटकसरीचं, हा गैरसमज मात्र आकड्यांनीच मोडा. तिप्पट किमतीचं दप्तर सहापट टिकलं तर ते निम्म्याने स्वस्त पडलं. हे गणित मुलाला स्वतः करू द्या. वस्तू घेतल्याची तारीख दप्तराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली तर ते आणखी मजेचं होतं.

४. पॉकेटमनी द्यावा का? किती आणि किती दिवसांनी?

द्यावा. ज्या पैशांवर आपली सत्ता नाही ते सांभाळायला कोणी शिकत नाही.

रक्कम ठरवताना शेजाऱ्यांकडे बघू नका. मुलाने स्वतःच्या पैशांतून काय काय घ्यायचं ते एका कागदावर लिहा, त्याची बेरीज करा आणि त्यात थोडी भर घाला, म्हणजे साठवायला वाव राहील. ही भर नसेल तर आपण मुलाला फक्त आपला निरोप्या करून दुकानात पाठवतो. लहान मुलांना आठवड्याला द्या, कारण त्यांच्यासाठी महिना म्हणजे युग. बारा-तेराच्या पुढे पंधरवडा, मग महिना.

दिवस ठरलेला हवा आणि तो चुकता कामा नये. तुम्ही विसरलात आणि मुलाने आठवण केली की लगेच द्या, कुरकुर न करता. का, ते प्रश्न ८ मध्ये आहे.

५. आठवड्याचे पैसे पहिल्याच दिवशी उडवतो. काय करावं?

काही करू नये. मला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हा आहे आणि सर्वांत कमी आवडलेलं उत्तरही हेच आहे.

पैसे उडवल्यावर मुलाला मिळतात उरलेले सहा रिकामे दिवस. शिकवण त्या सहा दिवसांत आहे. तिसऱ्या दिवशी आपलं मन विरघळतं आणि आपण "घे, पण परत असं करू नको" म्हणतो. मुलाच्या वहीत नोंद काय होते? पैसे संपले की तिसऱ्या दिवशी आणखी मिळतात. तो हुशार आहे, पुढच्या वेळी तो तिसऱ्या दिवसापर्यंतचंच नियोजन करतो.

बोलणी बसली तरी नुकसानच. "सांगितलं होतं ना!" ऐकलं की मूल स्वतःवर चिडायचं सोडून आपल्यावर चिडतं, आणि पश्चात्ताप वाया जातो. त्याने विचारलंच तर एवढंच म्हणावं, "हं, संपले खरे. शनिवारी मिळतील."

काउंटरवर मी हेच मोठ्या आकड्यांत पाहिलं आहे. निवृत्तीची रक्कम हाती आली आणि वर्षभरात संपली, अशी माणसं पासबुक घेऊन समोर उभी राहायची. त्यांतल्या अनेकांच्या हातात त्याआधी पूर्णपणे स्वतःचे म्हणावेत असे पैसे कधी आलेच नव्हते. चूक व्हायचीच असेल तर ती खेळण्याच्या किमतीत झालेली बरी.

जेवण, औषध, शाळेत ये-जा यांतलं काही मात्र मुलाच्या पैशांवर सोपवू नका. तसं केलं तर आपल्याला गप्प बसणं शक्यच होणार नाही, आणि बसूही नये.

६. घरकामाचे पैसे द्यावेत का?

रोजच्या कामाचे नाही. स्वतःचं ताट उचलणं, अंथरूण आवरणं हे घरात राहण्याचं काम आहे, त्याची मजुरी नसते. एकदा दर लावला की एखाद्या दिवशी मूल सरळ म्हणेल, "आज मला पैसे नकोत, मी करत नाही." आणि हिशेबाने ते बरोबरच असेल.

बक्षिसाचा दुसरा धोका मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निसबेट यांनी १९७३ साली दाखवला. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं होतं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. ते मिळालं. पुढे मोकळ्या वेळात या मुलांचं रंगांच्या पेनांशी खेळणं, असं काही न सांगितलेल्या मुलांच्या मानाने निम्म्यावर आलं होतं.

जे काम एरवी बाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घेतलं असतं, ते मुलाने मागून केलं तर त्याचे पैसे जरूर द्या. काम संपल्यावर आणि आधी ठरलेले.

७. गल्ला एक असावा की तीन? कुलूप लावावं का?

खर्च, साठवण आणि दुसऱ्यांसाठी असे तीन डबे करण्याची पद्धत चांगली आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला एकच डबा द्या. तो पारदर्शक असावा. वर चढत जाणारी रास डोळ्यांना दिसते, तेच त्याचं व्याज. ज्या वस्तूसाठी साठवायचं तिचं चित्र डब्यावर चिकटवा, आणि ती वस्तू दोन-तीन महिन्यांत येण्याजोगी असू द्या.

कुलपाबद्दल माझं मत बदललं आहे. आधी मी नको म्हणायचे. स्कॉटलंडमधल्या रुथवेल गावी हेन्री डंकन नावाच्या पाद्र्याने १८१० साली गरिबांसाठी बचत बँक काढली. तिथल्या पेटीला तीन कुलपं होती, म्हणजे एकट्याला ती उघडता येऊ नये. मोठ्या माणसांना स्वतःपासून आणि एकमेकांपासून अशी राखण लागते, तर मुलांना लागली तर काय बिघडलं? मुलाने स्वतः मागितलं तर कुलूप द्या, पण किल्ली त्याच्याकडेच राहू द्या. आणि घरात सुटे कमी पडले म्हणून त्यातून परस्पर काढू नका. उसने हवे असतील तर विचारून घ्या, चिठ्ठी ठेवा, तारखेला परत करा.

८. माझ्या नातीला अजिबात धीर नाही. "आज एक की उद्या दोन" विचारलं तर आजच हवं म्हणते. हा स्वभाव बदलतो का?

स्वभावाआधी बाकीचं तपासू. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू केलेली परीक्षा तुम्ही ऐकली असेल: समोर गोड खाऊ, आत्ता घेतला तर थोडा, थांबलात तर जास्त. थांबणारी मुलं पुढे आयुष्यात यशस्वी होतात, असा तिचा गाजावाजा झाला. २०१८ साली टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि होनान क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध बराच फिका पडला.

मला त्याहून बोलका वाटतो तो सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा छोटा प्रयोग. त्यात अवघी २८ मुलं होती. निम्म्यांना आधी चांगले रंग आणून देतो म्हटलं आणि आणून दिले. बाकीच्यांना तसंच म्हटलं आणि संशोधक रिकाम्या हाताने परत आले. मग खाऊची परीक्षा. शब्द पाळलेला पाहणारी मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसलेली ३ मिनिटं. ज्या घरात "उद्या देते" म्हणजे बहुधा नाहीच, तिथे आजच घेणारी नात अधीर नाही, व्यवहारी आहे!

महिनाभर तुमचा प्रत्येक "उद्या" पाळून बघा. शिवाय एक युक्ती मिशेल यांच्या प्रयोगातल्याच मुलांची: खाऊ नजरेआड असला किंवा मन दुसरीकडे गुंतलं की थांबणं सोपं जायचं. हवी असलेली वस्तू रोज मोबाईलवर बघत बसणं बंद झालं तरी निम्मा धीर येतो.

९. चक्रवाढ व्याज मुलांना कसं समजवावं?

घरचीच बँक काढा. महिन्याच्या शेवटी डब्यात जितके असतील त्यावर दहाला एक, असं व्याज तुमच्या खिशातून घाला. शंभर ठेवून हात लावला नाही तर वर्षअखेर तीनशे तेराच्या वर होतात. साध्या व्याजाने झाले असते दोनशे वीस. हा त्र्याण्णवांचा फरक आला कुठून, हे मुलाला शोधू द्या. उत्तर सापडलं की पुन्हा शिकवावं लागत नाही.

त्याच दिवशी एक गोष्ट बजावून सांगा: महिन्याला दहा टक्के फक्त घरच्यांकडून मिळतात. बाहेर कोणी तेवढे देतो म्हणाला तर तो फसवतो आहे.

मोठ्या मुलांना बहात्तरचा नियम द्या. वार्षिक व्याजदराने ७२ ला भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. आठ टक्क्यांनी नऊ वर्षं, सहाने बारा. लुका पाचोली यांच्या १४९४ सालच्या गणितग्रंथातही हा नियम येतो. तोच महागाईला लावा: ती वर्षाला सहा टक्के असेल तर बारा वर्षांत गल्ल्यातल्या पैशांची किंमत निम्म्यावर येते. गल्ला भरला की तो बँकेत का न्यायचा, याचं उत्तर तिथेच मिळतं.

१०. आता घरात नोटाच दिसत नाहीत. सगळं मोबाईलवर. मग मुलांना पैसा दिसणार कसा?

मुद्दाम दाखवावा लागेल. दहा-अकराच्या वयापर्यंत मुलाचे पैसे रोखच द्या. न दिसणारा पैसा मोठ्यांच्याही हातून सुटतो. ड्रॅझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली मांडलेल्या एका प्रयोगात सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितलं होतं. कार्डाने पैसे भरायचे आहेत असं कळलेल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट गेली.

पुढे मोबाईलवर दिले तरी दर आठवड्याला एकदा मुलाने शिल्लक स्वतः वाचून वहीत लिहावी. खेळांमधली नाणी आणि रत्नं हा त्यातला सर्वांत निसरडा भाग. तिथे खऱ्या पैशांचं आधी खोट्या नाण्यात रूपांतर होतं, ते किंमत विसरली जावी म्हणूनच. खरेदीला पासवर्ड लावा आणि मुलाने मागितलं तर एकच अट घाला: ही खरेदी खऱ्या पैशांत किती आणि आठवड्याच्या पॉकेटमनीचा कितवा हिस्सा, ते त्याने आधी सांगायचं.

११. आम्ही शिस्त लावतो आणि आजी-आजोबा गुपचूप पैसे देतात. कसं थांबवायचं?

या प्रश्नाची दुसरी बाजूही मला तितक्याच वेळा येते: "आम्ही प्रेमाने देतो, सून-मुलाला ते खुपतं." नातवंडं म्हणजे दुधावरची साय, देण्याचा हात थांबणार नाही. मी स्वतः आजी आहे, मला विचारू नका.

देणं थांबवू नका, गुपचूपपणा थांबवा. "आईला सांगू नको" म्हणून दिलेली नोट मुलाला दोन गोष्टी शिकवते, आणि त्यांतली एक पैशांबद्दलची नाही. आजोबांना द्यायचंच असेल तर मुलाने साठवलेल्या रकमेत तितकीच भर घालावी: तू जेवढे टाकशील तेवढे माझे. लाडही झाला आणि गल्लाही भरला.

आजी-आजोबांकडे आणखी एक गोष्ट असते जी आईवडिलांकडे नसते, वेळ. तुटलेलं खेळणं जोडत बसणं, सुटलेली शिवण घालणं, हे नातवंडाला शेजारी बसवून करावं. तेवढा वेळ ज्या वस्तूवर घालवला ती मूल सहजी फेकत नाही.

१२. "सगळ्यांकडे आहे, फक्त माझ्याकडे नाही." यावर काय उत्तर द्यावं?

"सगळे म्हणजे कोण?" असं उलटतपासणीच्या सुरात विचारू नका. त्याचं दुःख खरं असतं, आकडा खोटा असला तरी. वस्तू गरजेची असेल तर साध्या प्रतीच्या वस्तूइतके पैसे तुम्ही द्या, वरचे त्याने साठवावेत. आठ आठवडे साठवूनही हवीशी वाटली तर ती खरंच हवी होती.

१३. घरात खरोखरच ओढाताण आहे. मुलांना सांगावं का?

सांगावं, त्यांच्या वयाला झेपेल तेवढं. मुलांना बंद दाराआडचा सूर कळतोच, आणि न सांगितलेलं ते मनाने रंगवतात. "या वर्षी आपण सहलीला जाणार नाही, शाळा आणि घर चालू राहील" अशा वाक्यात काय बदलेल आणि काय बदलणार नाही, दोन्ही असावं. कर्जाचे आकडे, कोणामुळे झालं याचे वाद, हे मुलांपुढे नको.

याच्या उलट, पैसे असताना "आपल्याकडे पैसे नाहीत" म्हणून हट्ट मोडणं टाळा. संध्याकाळी तुम्ही स्वतःसाठी काही घेतलंत की खोटं उघडं पडतं. "आहेत, पण यासाठी नाहीत" हे खरंही आहे आणि काटकसरीची अर्धी शिकवणही त्यातच आहे.

१४. पुढच्या आठवड्याचे पैसे आगाऊ मागते. द्यावेत का?

कधीतरी द्या, पण ती उचल म्हणून. वहीत लिहा, तिची सही घ्या आणि पुढच्या आठवड्यात पूर्ण कापून घ्या. सूट दिलीत तर ते कर्ज उरत नाही, प्रश्न ५ मधला तिसरा दिवस होतो. पहिली उचल फिटल्याशिवाय दुसरी नाही.

१५. आमचा मुलगा उलट आहे. एक पैसा खर्च करत नाही, भावाच्या वस्तू वापरतो.

अशा मुलाचं घरात कौतुक होतं, म्हणून हे लक्षात यायला उशीर लागतो. काही मुलांचा तो नुसता छंद असतो, रास वाढताना बघण्याचा. काहींच्या मागे भीती असते, विशेषतः घरात पैशांवरून भांडणं होत असतील तर. तसं असेल तर आधी प्रश्न १३ वाचा.

नुसता छंद असेल तर साठवलेल्याला मुदत द्या: अमुक महिन्यांनी त्यातला ठरावीक भाग खर्च करायचाच, आणि त्यातला थोडा दुसऱ्या कोणासाठी. भावाच्या वस्तू वापरण्यावर मात्र सरळ बंदी. ती काटकसर नाही, प्रश्न ३ मधला कंजूषपणा आहे.

१६. पाकिटातून न विचारता पैसे घेतले. शिक्षा काय करावी?

आधी वय बघा. पाच वर्षांच्या मुलाला पाकीट म्हणजे घरातला आणखी एक डबा. मोठ्या मुलाने घेतले तर रक्कम परत करायचीच, उचलीसारखी कापून. मात्र घेतले कशासाठी हे शांतपणे, एकट्यात विचारा. कोणी धमकावून पैसे मागत असण्याची शक्यता मनात ठेवा. आणि पाहुण्यांपुढे किंवा भावंडांपुढे "चोर" म्हणू नका, तो शब्द मागे घेता येत नाही.

१७. नात नोकरीला लागून दोन वर्षं झाली, क्रेडिट कार्डाचं कर्ज करून बसली आहे. आमच्याकडे ठेव आहे. फेडून टाकू का?

मुलांच्या प्रश्नांत हा प्रश्न का, असं वाटेल. पण आजोबांकडून तो सारखा येतो, आणि इथे प्रश्न ५ मधलं "काही करू नये" चालत नाही. सहा रिकाम्या दिवसांनी काही बिघडत नाही, व्याज मात्र रात्रंदिवस चालू असतं. महिन्याला तीन टक्के दर असेल तर बहात्तरला तिनाने भागा: चोवीस महिन्यांत थकबाकी दुप्पट.

आधी सगळी बिलं टेबलावर मागा, एकही न लपवता. नुसती किमान रक्कम भरत राहिली असेल तर ते ताबडतोब बदलायला हवं. तिच्या पगारातून वर्षभरात फिटण्यासारखं असेल तर ठेवीला हात लावू नका, सर्वांत जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडायला तिच्यासोबत बसून वेळापत्रक करा. फिटण्यासारखं नसेल तर रक्कम तिच्या हाती न देता थेट कार्डाच्या खात्यात भरा, कार्ड बंद करून घ्या आणि तेवढ्याचा बिनव्याजी हप्ता कागदावर लिहून दरमहा तुमच्या खात्यात वळता करा. म्हातारपणच्या औषधपाण्यापुरती ठेव आधी बाजूला काढा. आणि पहिला हप्ता आला की तो घ्या, "राहू दे गं" म्हणू नका.